घडीमास्तरांची दोरी

घडीमास्तरांचा विश्वास फक्त दोन गोष्टींवर होता. साबणाच्या वडीवर आणि उन्हावर. बाकी सगळ्या जगावर त्यांची नजर असे, विश्वास नसे. दूधवाल्याने माप काठोकाठ भरून दिलं तरी ते भांडं एकदा उजेडाकडे धरून बघत. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, सगळं ठीक आहे," की घरी येऊन बायकोला सांगत, "काहीतरी लपवतोय."

"काय लपवणार?" बायको म्हणे. "तुम्हाला काही झालेलं नाही, हेच लपवत असेल बिचारा. नाहीतर तुम्ही परत कशाला जाल त्याच्याकडे?"

मास्तर ही पदवी त्यांना शाळेत मिळालेली नव्हती. शाळेशी त्यांचं फारसं जमलंच नाही. ते गावच्या फुटबॉल क्लबात किट सांभाळत. जर्स्या, चड्ड्या, मोजे, टॉवेल धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करायचे, घडी घालून पेटीत भरायचे आणि सामना संपला की चिखलाचा तो गोळा परत घेऊन यायचा. एकतीस वर्षं हे चाललं होतं. त्यांची घडी अशी असे की जर्सी पुस्तकासारखी उभी राही. कुणा जुन्या खेळाडूने गमतीत "घडीमास्तर" म्हटलं आणि खरं नाव मागे पडलं. पगाराच्या कागदावर ते होतं. पण तो कागदही ते दोनदा वाचूनच खिशात घालत.

त्यांची खोली स्टँडच्या पोटात होती. दोन वॉशिंग मशीन, एक लांबलचक इस्त्रीचं टेबल, भिंतीला तेवीस खुंट्या आणि एक कपाट, ज्याची किल्ली त्यांच्या गळ्यात. सामन्याच्या दिवशी वर लोक पाय आपटू लागले की छताचा चुना भुरभुरत खाली येई. म्हणून टेबलावर कायम एक जुनी चादर अंथरलेली असे. बाहेरच्या आवाजावरून गोल कुणी केला ते मास्तरांना कळत नसे, पण चादरीवर किती चुना पडला यावरून कळे.

क्लबाने एक ड्रायर घेऊन दिला होता. मास्तरांनी त्यावर साबणाची खोकी रचली. "गरम हवेने नंबर तडकतात," ते म्हणत. कपडे वाळवायचे ते उन्हातच. कपडे बदलायच्या खोल्यांवर एक मोकळी गच्ची होती, तिथे दोन दोऱ्या बांधलेल्या होत्या. एक पुढे, रस्त्याच्या कठड्याजवळ. तिला दिवसभर ऊन. दुसरी मागे, सावलीतली.

आणि या दोऱ्यांची एक रीत होती. सामन्याच्या दोन दिवस आधी कोच त्यांच्या हातात एक चिठ्ठी देई. त्यात कोणते अकरा खेळाडू उतरणार ते नंबर लिहिलेले. मास्तर ते अकरा कपडे स्वतःच्या हाताने धूत आणि पुढच्या दोरीवर घालत. राखीव खेळाडूंचे मशीनमध्ये आणि मागच्या दोरीवर. पुढच्या दोरीवरही वाटेल तसं नाही. आधी गोलरक्षक. मग एक रिकामा चिमटा. मग बचावफळी, उजवीकडून डावीकडे. पुन्हा एक रिकामा चिमटा. मग मधली फळी, परत चिमटा, मग आघाडी, सगळ्या उजवीकडून डावीकडेच. वाळले की त्याच क्रमाने काढायचे, त्याच क्रमाने पेटीत, त्याच क्रमाने खुंटीला. असं केलं की काही हरवत नाही, असा त्यांचा अनुभव. चिठ्ठी मात्र काम होताच ते पाण्यात भिजवून तिचा लगदा करत आणि नळाखाली सोडून देत. कुणाच्या हाती लागायला नको.

त्या वर्षी क्लबाने देशाची लीग जिंकली. कशी जिंकली ते अजूनही कुणाला नीट सांगता येत नाही. दोन मोठे क्लब एकमेकांचे पाय ओढत बसले आणि आपला क्लब मधून निघून गेला. लीग जिंकणाऱ्याला बाहेरच्या मोठ्या स्पर्धेत जाण्याची संधी मिळते, जिथे देशोदेशींचे विजेते क्लब खेळतात. पण छोट्या देशांच्या क्लबांना थेट दार उघडं नसतं. आधी आपापल्या विभागात तीन पात्रता फेऱ्या. प्रत्येक फेरीत एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. दोन्ही मिळून ज्याचे गोल जास्त तो पुढे. स्पर्धेच्या कार्यालयातून बाहीवर लावायचे बिल्ले आले तेव्हा मास्तरांनी ते मोजले, उलटून पाहिले, एकाचा वास घेऊन पाहिला आणि मगच सेक्रेटरींच्या वहीवर सही केली.

पहिल्या फेरीत एका बेटावरचा क्लब आला. त्यांचा गोलरक्षक एरवी मासे पकडायचा, असं म्हणत. आपण दोन्ही सामने जिंकलो. गावात लोक एकमेकांना उगाच हात मिळवायला लागले.

याच सुमारास क्लबात नवा फिजिओ आला होता. तिशीतला, कमी बोलणारा, लांबच्या शहरातला माणूस. सहा महिने काम बघून कायम करू, अशी बोली. खेळाडू त्याला मालिशवाला म्हणत, आणि पंधरा दिवसांत दुखऱ्या पायांची रांग त्याच्या दारात लागू लागली. मास्तरांना हे खटकलं. माणूस इतक्या लवकर सगळ्यांना आवडतो म्हणजे त्यात काहीतरी गोम असणारच.

पहिल्याच आठवड्यात तो गच्चीवर आला. मास्तर चिमटे लावत होते.

"मास्तर, एक सुचवू का? ही पुढची दोरी आतल्या बाजूला घेतलीत तर बरं होईल. कारण तिकडून..."

"आतल्या बाजूला म्हणजे कुठे?"

"माझ्या खोलीच्या खिडकीकडे. तिथे भिंत आहे, आणि..."

"हे बघ," मास्तर दातातला चिमटा काढून म्हणाले, "ही दोरी तुझ्या आधीपासून इथे आहे. नव्या माणसाने जुन्या दोरीला हात लावायचा नाही."

तो "बरं" म्हणून निघून गेला. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. ह्याला दोरी ह्याच्या खिडकीखाली का हवी? म्हणजे बसल्या जागी ह्याला संघ कळावा! घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं.

"अहो, वारा लागत असेल तिथे," बायको म्हणाली. तिच्या गुडघ्याला त्या फिजिओने चार दिवसांपूर्वी एक पट्टा बांधून दिला होता, आणि ती जिना न धरता उतरू लागली होती.

"फुकटात कोण कुणाचा गुडघा बघतं?"

"ज्याला गुडघ्यातलं कळतं तो."

"तेच म्हणतोय मी. त्याला फार कळतं."

दुसऱ्या फेरीत शेजारच्या देशाच्या राजधानीतला क्लब होता. बलाढ्य. पहिला सामना आपल्या मैदानावर. कोचने एक डाव रचला होता. अकरा नंबरचा पोरगेला विंगर कायम डावीकडून धावायचा, त्याला उजवीकडे टाकायचं. आणि एकोणीस नंबरचा ताडमाड सेंटर फॉरवर्ड, ज्याला पुढे बघून सगळे बचाववाले एकत्र जमायचे, त्याला मागे मधल्या फळीत खेळवायचं. ही गोष्ट तीनच माणसांना माहीत होती. कोचला, फिजिओला, कारण कुणाचा पाय किती चालेल हे त्याला विचारावं लागे, आणि मास्तरांना, कारण चिठ्ठी त्यांच्या हातात. खेळाडूंना सामन्याआधी तीन तास सांगितलं.

शिट्टी वाजली आणि पाहुण्यांचे दोन बचाववाले सरळ चालत जाऊन अकरा नंबरच्या अंगाला चिकटून उभे राहिले. उजवीकडे. जसं काही त्यांची तिथे आधीच भेट ठरली होती. एकोणीस नंबर मागे आला तर त्याच्यासाठी तिथेही एकजण तयार. आपला एक गोल कसाबसा पेनल्टीवर झाला, त्यांचाही एक झाला. एक-एक. मास्तरांच्या चादरीवर चिमूटभर चुना पडला, तेवढाच.

सामन्यानंतर कोच किटच्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि उलट्या बादलीवर बसला. सेक्रेटरी मागोमाग.

"मास्तर, त्यांना सगळं माहीत होतं. सगळं! घरभेद्याशिवाय हे होणं नाही."

"भिंतीलाही कान असतात," सेक्रेटरी म्हणाले.

"भिंतीला नंबर वाचता येत नाहीत," कोच म्हणाला. "मी बोललो नाही. मास्तरांवर तर शंकाच नको, एकतीस वर्षं चिठ्ठीचा लगदा करणारा माणूस. मग राहिलं कोण?"

खोलीत कुणी नाव घेतलं नाही. मास्तरांनी घेतलं. घेतलं म्हणजे काय, मनात जे इतके दिवस घडी घालून ठेवलं होतं ते एकेक उलगडून टेबलावर ठेवलं. मालिशवाला कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलतो. त्याच्या तेलाच्या बाटल्यांवर शेजारच्या देशातली अक्षरं आहेत. दोरी स्वतःच्या खिडकीखाली मागत होता. आणि रोज दुपारी तीनला पाऊण तास कुठेतरी जातो. कुठे ते कुणालाच सांगत नाही.

सेक्रेटरींनी मान हलवली. "सोमवारी पत्र देतो त्याला. मंगळवारी आपण परक्या मैदानाकडे निघायचं. तो बसमध्ये नको."

"पत्रात कारण काय लिहिणार?" कोचने विचारलं.

"विश्वासाला पात्र नाही."

असं पत्र घेऊन माणूस दुसऱ्या कुठल्या क्लबाच्या दारात उभा राहू शकत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. बादलीवरून उठताना कोच मास्तरांना म्हणाला, "तुम्हाला खात्री आहे ना?"

"खात्री म्हणजे..." मास्तर म्हणाले आणि थांबले. खात्री हा शब्द त्यांनी आयुष्यात कुठल्याच गोष्टीबद्दल वापरला नव्हता. "डोळ्यांनी पाहतो आणि मग सांगतो."

शनिवारी तीनच्या सुमाराला फिजिओ पिशवी घेऊन बाहेर पडला. मास्तर पन्नास पावलं मागे. वयाच्या साठीत माणसाचा पाठलाग करणं सोपं नसतं. एकदा बूट बांधायच्या निमित्ताने वाकले ते उठायलाच वेळ लागला. पण फिजिओ लांब गेलाच नाही. मैदानामागच्या रस्त्याला वळला, रस्ता ओलांडला आणि समोरच्याच चार मजली इमारतीत शिरला. मास्तर एकेक जिना चढत, धापा टाकत, प्रत्येक दाराशी कान लावत तिसऱ्या मजल्यावर पोहोचले. दार अर्धवट उघडं होतं.

"आत या, आत या. जिन्यात किती वेळ उभे राहणार?" आतून एका म्हातारीचा आवाज आला. "तुमचा श्वास पहिल्या मजल्यापासून ऐकू येतोय."

आत खिडकीशी खुर्ची टाकून एक आजी बसल्या होत्या. उजवा हात मांडीवरच्या उशीवर, बोटं वाळक्या शेंगांसारखी आखडलेली. फिजिओ समोर स्टुलावर बसून त्यांचं एकेक बोट हळूहळू सरळ करत होता. मास्तरांना बघून तो उठला.

"अय्या, घडीमास्तर!" आजी म्हणाल्या. "तुम्हाला मी रोज बघते. तुम्ही जवळून जरा बुटके दिसता."

"तुम्ही... मला कुठून बघता?"

आजींनी नुसती हनुवटी खिडकीकडे वळवली.

मास्तरांनी बघितलं. खाली रस्ता, पलीकडे मैदानाची भिंत, आणि बरोबर समोर, हात लांब केला तर चिमटा काढता येईल इतकी जवळ वाटणारी त्यांची गच्ची. पुढच्या दोरीवर कालचे टॉवेल वाळत होते. कोपऱ्यातल्या टॉवेलाचा धागा निघालेला त्यांना तिथून दिसला.

"झटका आल्यापासून ह्या हाताला काही करायला नको वाटतं," आजी सांगत होत्या. "ह्याने बघा काय केलं. म्हणाला, आजी, समोरच्या जर्स्या मोजा. एक जर्सी, एक बोट. मला तर तेवीस वर्षांची सवय, डाव्या हाताने मोजायचेच मी. आता उजव्याने मोजते. गोलरक्षकाला अंगठा."

"तेवीस वर्षं?"

"मग! आमच्या जिन्यात संघ कोण आहे ते पेपरात यायच्या आधी दोन दिवस माहीत असतं. पुढच्या दोरीवरचे अकरा खेळणार, मागचे बसणार. आणि तुमचा तो रिकामा चिमटा फार छान. कोण मागे, कोण पुढे, लगेच कळतं. परवा मी तिथल्या तिथे म्हटलं, अगंबाई, अकरा नंबर उजवीकडे गेला!"

मास्तरांना बसावंसं वाटलं. फिजिओने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"कुणाला म्हटलंत?" त्यांनी विचारलं.

"खालच्या मजल्यावर तो पाहुणा उतरला होता ना, त्याला. बाहेरगावचा. फार सभ्य हो. येताना बिस्किटं घेऊन आला. आपली भाषा मोडकीतोडकी बोलतो. खिडकीत उभा राहून म्हणाला, आजी, हे काय वाळतंय? मी वाचून दाखवलं. त्याने वहीत लिहून घेतलं. सोमवारी परत येणार आहे, चारला."

मास्तर जिना उतरले ते कठडा धरून. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने त्यांना दोन शब्द सुनावले, तेही त्यांनी न तपासता ऐकून घेतले.

घरी जेवताना त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "तरीच म्हटलं, एकतीस वर्षं आपण इतके सामने का हरतो."

सगळं ऐकून बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. "काखेत कळसा नि गावाला वळसा! अहो, साऱ्या गावाला तपासलंत, एका दोरीला तपासलं नाहीत."

"ती माझी दोरी होती," मास्तर म्हणाले.

रविवारचा अख्खा दिवस ते घरात येरझाऱ्या घालत होते. एक विचार सारखा येऊन दाराशी उभा राहत होता. कुणाला काय माहीत? आजीला काय चाललंय ते ठाऊक नाही. दोरी उद्या गुपचूप आत घेतली की झालं. कोचच्या लेखी घरभेदी सापडलेला आहे, तो जाईल, आणि घडीमास्तरांच्या एकतीस वर्षांना डाग लागणार नाही. शिवाय तो तरुण आहे, त्याला कुठेतरी काम मिळेलच. पण पत्रातले ते तीन शब्द त्यांना आठवत. विश्वासाला पात्र नाही. आयुष्यभर सगळ्या जगाला मनातल्या मनात ते हेच पत्र देत आले होते. कागदावर उतरलेलं मात्र ते पहिल्यांदाच पाहणार होते. बायको समोर बसून पट्टा सोडत, बांधत होती. काही बोलत नव्हती. तिचं न बोलणं त्यांना डॉक्टरांच्या "सगळं ठीक आहे"पेक्षा जास्त संशयास्पद वाटलं.

"बोल ना काहीतरी."

"मी काय बोलू? गुडघा बरा आहे."

सोमवारी सकाळी कोचने चिठ्ठी दिली. मास्तरांनी नेहमीसारखे अकरा कपडे धुतले, नेहमीसारखे पुढच्या दोरीवर घातले, रिकामे चिमटे लावले. मग तीन वाजता सेक्रेटरींच्या खोलीत गेले. पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. कोच खिडकीशी उभा होता.

"त्यावर सही करायच्या आधी माझ्याबरोबर पाच मिनिटं चला. दोघंही."

"कुठे?"

"समोर. तिसरा मजला. जिना आहे, पण मी चढलो, तुम्हीही चढाल."

आजींनी तिघांना बघून केस सारखे केले. फिजिओ तिथे नव्हता. सकाळीच त्याला पत्राची कुणकुण लागली होती आणि तो आपल्या खोलीत सामान आवरत होता.

"आजी," मास्तर म्हणाले, "समोरची दोरी जरा वाचून दाखवा."

"आत्ता? बरं." आजींनी अंगठा दुमडला. "गोलरक्षक तोच. चिमटा. मागे चौघं: दोन, पाच, चौदा, तीन. म्हणजे तुमचा बावीस नंबर अजून लंगडतोय वाटतं. चिमटा. मधे आठ, सहा, सतरा, आणि एकोणीस परत मागेच ठेवलात. चिमटा. पुढे अकरा आणि नऊ." डावा हात मदतीला घेऊन त्यांनी दहा बोटं संपवली आणि अकराव्यासाठी पुन्हा अंगठा दुमडला. "मी असते तर सतराला बसवलं असतं. पळत नाही तो."

सेक्रेटरी खिडकीबाहेर बघत राहिले. कोच मटकन पलंगाच्या कडेवर बसला. त्याच्या खिशात संघाच्या यादीची जी प्रत होती, ती तो सकाळपासून स्वतःच्या बायकोपासूनही लपवून फिरत होता.

"घरभेदी सापडला, कोचसाहेब," मास्तर म्हणाले. "तो माझ्याच चिमट्याला लटकला होता. त्या पोराने पहिल्या आठवड्यातच मला सांगायचा प्रयत्न केला, दोरी आत घ्या, तिकडून दिसतं. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. काय करायचं ते माझं करा. त्याचं नको."

कोच बसल्या जागी खाली वाकला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मास्तरांना वाटलं रडतोय. पण तो हसत होता. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि एकदम थांबला.

"आजी, तो पाहुणा किती वाजता येतो म्हणालात?"

"चारला. बिस्किटं घेऊन."

"मास्तर, साडेतीन वाजलेत. चला."

"मी खोटं बोलणार नाही हं," आजी मागून म्हणाल्या.

"तुम्ही कशाला बोलता? तुम्ही फक्त दोरी वाचा."

त्या अर्ध्या तासात घडीमास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा चुकीचे कपडे पुढच्या दोरीवर घातले. कोच सांगत होता आणि ते लावत होते: अकरा डावीकडे, एकोणीस सगळ्यात पुढे, मधल्या फळीत ज्याला महिनाभर कुणी खेळवलं नव्हतं तो. मागच्या दोरीवरचे कपडे पुढे येताना त्यांना देवघरातली भांडी अंगणात मांडल्यासारखं वाटत होतं. दोनदा त्यांचा हात आपोआप योग्य जागी गेला आणि कोचला ओरडावं लागलं, "मास्तर, चूक करा, चूक!"

ते संपल्यावर मास्तर फिजिओच्या खोलीकडे गेले. तो बाटल्या कागदात गुंडाळून खोक्यात ठेवत होता. बाटल्यांवरची परकी अक्षरं आता जवळून दिसली. खाली आपल्याच भाषेत बारीक छापलेलं होतं: सांधेदुखीसाठी.

"पत्र फाडलं," मास्तर म्हणाले. "सेक्रेटरींनी. माझ्यासमोर. मी तुकडे मोजले."

फिजिओने बाटली खाली ठेवली.

"आजीकडे जातोस हे सांगितलं का नाहीस?"

"क्लबाच्या वेळेत बाहेरचं काम करतो म्हणून कुणी बोललं असतं. आणि त्यांच्याकडून मी काही घेत नाही, हे कुणाला पटलं असतं?"

"मला नसतं पटलं," मास्तरांनी कबूल केलं. मग थोड्या वेळाने, "आणि दोरीचं? परवा एवढं सगळं झालं, तेव्हा तरी बोलायचंस. तुला तर कळलंच असेल."

"कळलं होतं. पण मी म्हणणार काय, मास्तर? मी नाही, मास्तरांची दोरी? तुम्ही माझं ऐकलं असतं?"

मास्तरांकडे याचं उत्तर होतं, पण ते चांगलं नव्हतं. त्यांनी खोक्यातली एक बाटली उचलली, कागद सोडला आणि परत फळीवर ठेवली. मग दुसरी. तिसरी ठेवताना म्हणाले, "चुकलो मी." हे इतक्या हळू, की फिजिओने कागदाचा चुरगळा हातातच धरून ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

मंगळवारी तो बसमध्ये बसला. मास्तरांच्याच शेजारी. परक्या मैदानावर अकरा नंबर उजवीकडून सुटला तेव्हा त्याच्या वाटेत कुणीही नव्हतं. सगळे डावीकडे त्याची वाट बघत उभे होते. पहिल्या पंधरा मिनिटांतच गोल. उरलेला वेळ आपल्या लोकांनी चेंडू मिळेल तिकडे लाथाडून काढला, आणि एक-शून्यने आपण पुढे गेलो. किटच्या पेटीजवळ उभे राहून मास्तरांनी तो सामना पाहिला. एकतीस वर्षांत चुन्याऐवजी डोळ्यांनी पाहिलेला तो पहिला गोल.

तिसऱ्या फेरीत मात्र एका फार मोठ्या क्लबाने आपल्याला दोन्ही ठिकाणी धुतलं. चार-शून्य, पाच-शून्य. त्यांना दोरी वाचायची गरजच नव्हती.

दोरी आता आतल्या बाजूला, फिजिओच्या खिडकीखाली आहे. कोचने काही शिक्षा केली नाही. चिठ्ठी तेवढी एक दिवस उशिरा देतो. आठवडाभराने फिजिओ इस्त्रीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"आजी बोटं दुमडत नाहीत हल्ली. मोजायला काही नाही म्हणतात. टॉवेलात मन रमत नाही."

मास्तरांनी इस्त्री उभी केली. गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक गाठोडं काढलं. जुन्या जर्स्या होत्या. त्यांनी क्लबात पाय ठेवला त्या पहिल्या वर्षाच्या. रंग उडालेला, नंबर कापडाचे, हाताने शिवलेले. त्यातले निम्मे खेळाडू आता आजोबा झालेत आणि दोघे तर नाहीतच.

"घे. दुसरं टोक धर," ते म्हणाले. गच्चीवर त्यांनी पुन्हा कठड्याजवळ एक दोरी बांधली. गोलरक्षक, रिकामा चिमटा, बचावफळी. क्रम त्यांना चिठ्ठीशिवाय आठवत होता. मग फिजिओला त्यांनी आजींकडे पाठवलं.

दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. आजी पुढे वाकून बघत होत्या. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि अंगठा दुमडला. बाकीच्या बोटांना फार वेळ लागला. शेवटी फिजिओने त्यांच्या मागे उभं राहून दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, आणि मग आणखी एक.

अकरा.

मास्तरांनी मान हलवली. मग दोरीकडे वळून त्यांनी स्वतः एकदा जर्स्या मोजल्या. मोजून घेतलेलं बरं.